डाव्या गालावरचा चट्टा

मी प्राथमिक शाळेत शिकवते. घर बुलढाण्यात आणि शाळा धाडच्या पुढे एका लहान गावात. सकाळी जायला एसटी मिळते, परतीला बहुतेक वेळा काळी-पिवळी जीप. इतकी वर्षं हेच चाललंय. त्यातल्या एका दुपारचे सात-आठ सेकंद मात्र माझ्या मागे चार वर्षं लागून राहिले.

त्या दुपारी जीप फाट्यावर उभी होती, भरायची बाकी होती. मी पुढच्या सीटवर डाव्या दाराशी बसले होते. ड्रायव्हर खाली उतरून जीपच्या पुढे उभा राहून 'बुलढाणा, बुलढाणा' ओरडत होता. तेवढ्यात मागून एक माणूस आला आणि माझ्या दाराला जवळजवळ घासून पुढे गेला. त्याच्या हातात टॉमी होती, चाकाचे नट खोलायची लोखंडी सळई. मला वाटलं, कुणाची तरी गाडी पंक्चर झाली असेल. ड्रायव्हरला चाहूल लागली, तो वळला आणि टॉमी त्याच्या डोळ्यावर बसली. एकच फटका. मारणारा रस्ता ओलांडून पलीकडच्या तुरीच्या शेतात पळाला. मागे बसलेल्या बाया किंचाळायला लागल्या. मी किंचाळले नाही. खाली उतरले आणि माझी ओढणी ड्रायव्हरच्या चेहऱ्यावर दाबून धरली. त्याचा तो डोळा गेला.

संध्याकाळी पोलिसांनी जबाब घेतला. जेवढं आठवलं तेवढं मी सांगितलं: पंचवीस-तिशीचा, सावळा, मध्यम उंचीचा, निळा शर्ट. चेहरा कसा होता, विचारलं तेव्हा मी म्हणाले, साधाच होता.

आठवड्याने तपासाचे हवालदार शाळेत आले. माणूस वाईट नव्हता. उन्हातून मोटारसायकलवर आले होते, वर्गाबाहेरच्या माठातलं पाणी दोन ग्लास प्यायले. मग मोबाइल काढला.

"बाई, हा पाहा बरं. हाच ना?"

फोटोतला तरुण हिरव्या भिंतीसमोर उभा होता, थेट समोर पाहणारा. केसांचा भांग नीट काढलेला, डाव्या गालावर भाजल्याचा चट्टा.

"असू शकतो," मी म्हणाले.

"असू शकतो म्हंजे? दुसऱ्या दोघाइनं ओळखलं याले. हाबी जीपच चालवते. सकाळीच त्या ड्रायव्हरसंग भांडन झालतं याचं, जीप भरायच्या नंबरावरून. तुम्ही शिकलेल्या हा. तुमच्या सांगन्याले वजन असते."

मी पुन्हा पाहिलं. वर्गात मुलं गोंधळ करत होती, पाढे अर्धे राहिले होते. ज्याचा डोळा गेला त्याचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढे होता. मी म्हणाले, "हो, हाच वाटतो." कागदावर 'वाटतो' उतरलं नाही. 'हाच' तेवढं उतरलं, आणि त्यासोबत 'डाव्या गालावर चट्टा असलेला इसम'. मी वाचलं आणि सही केली. तेव्हा त्यात काही खोटं आहे असं मला खरोखर वाटलं नाही.

तीन आठवड्यांनी तुरुंगात ओळख परेड झाली. नायब तहसीलदार होते. एकाच वयाचे सात-आठ जण रांगेत उभे होते आणि सगळ्यांच्या डाव्या गालावर चिकटपट्टी लावलेली होती, चट्ट्यावरून ओळख पटू नये म्हणून. मी एका फेरीतच त्याच्यासमोर थांबले आणि बोट दाखवलं. पट्टीखाली काय आहे हेही मला माहीत होतं. तो माझ्याकडे बघत राहिला. नायब तहसीलदार म्हणाले, "मॅडम, असे ठाम साक्षीदार कमी मिळतात." घरी येऊन मी ते नवऱ्याला सांगितलं. थोडा अभिमानच वाटला होता.

पुढची चार वर्षं समन्स येत राहिलं. किरकोळ रजा टाकायची, सकाळपासून कोर्टाच्या व्हरांड्यात बसायचं, आणि दुपारी तीनला कळायचं की आज आरोपीचे वकील नाहीत, आज साहेब रजेवर आहेत, पुढची तारीख घ्या. असं चार वेळा झालं. दर खेपेला जायच्या आधी मी ती दुपार मनात उजळून घ्यायची, आणि दर खेपेला चित्र जास्त स्पष्ट व्हायचं. दाराजवळून जाणारा तो, नीट काढलेला भांग, गालावरचा चट्टा. इतकं स्पष्ट की मला कधी शंका आली नाही.

पाचव्या तारखेच्या दहा-बारा दिवस आधी मी अशीच जीपमध्ये पुढे, डाव्या दाराशी बसले होते. वेगळा फाटा, वेगळी जीप. एक म्हातारा मागून आला आणि दाराजवळून पुढे गेला. मला त्याचा उजवा कान दिसला, उजवा गाल दिसला, मग पाठ दिसली. मी त्याच्याकडे उगाच बघत राहिले. मग लक्षात आलं. दुसरं दिसणारच काय होतं? मागून पुढे जाणाऱ्या माणसाची उजवी बाजूच माझ्याकडे येणार. त्या दिवशीही तो तसाच गेला होता, आणि पळाला तो पाठ करून. डावा गाल मी पाहिलाच नव्हता. माझ्या आठवणीत मात्र तो जाता जाता थेट माझ्याकडे बघत होता, पापणी न लववता, फोटो काढून घेताना माणूस बघतो तसा.

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. ते कचेरीत कारकून आहेत, कागदांची त्यांना सवय आहे. त्यांनी चहा पूर्ण पिऊन घेतला.

"मग आता काय करणार?"

"खरं ते सांगणार."

"तू सही केली आहेस. परेडमध्ये बोट दाखवलंस. आता उलटं बोललीस तर लोक म्हणतील, पैसे खाल्ले."

"आणि तो नसला तर?"

"आणि असला तर?"

मी कप विसळायला नेले. नंतरचे दिवस तो विषय निघाला नाही.

तारखेच्या सकाळी सरकारी वकिलांनी मला बाजूला बोलावलं आणि जुना जबाब हातात दिला. "वाचून घ्या. चार वर्षांत माणूस विसरतो."

"विसरले नाही, साहेब. जास्तीचं आठवतंय," मी म्हणाले आणि फोटोचं, गालाचं सगळं सांगितलं.

त्यांनी डोळे चोळले. त्या दिवशी त्यांच्या बगलेत सात-आठ फायली होत्या. "मॅडम, आरोपीचा वकील विचारेल तेव्हा सांगा. माझ्या प्रश्नाला जबाबात आहे तेवढंच सांगा."

मला ते जमलं नाही. पुकारा झाला, मी शपथ घेतली आणि पहिल्याच प्रश्नाला गाडी अडली. "मारणारा इसम आज कोर्टात हजर आहे का?" तो समोर बाकावर बसला होता. चार वर्षांत केस विरळ झाले होते. चट्टा तोच.

"मी सांगू शकत नाही," मी म्हणाले.

सरकारी वकिलांनी मला फितूर ठरवायची परवानगी मागितली. मग तेच मला उलटे प्रश्न विचारायला लागले. आरोपीच्या लोकांनी धमकावलं का? नाही. काही दिलं का? नाही. मग चार वर्षांनी हे कुठून सुचलं? मी हातांनी जीप दाखवली, दार दाखवलं, माणूस कुठून कुठे गेला ते दाखवलं. टायपिस्ट थांबला, कारण हातवारे टाइप होत नाहीत.

न्यायाधीशांनी शेवटी स्वतः विचारलं, "बाई, तो हा होता की नव्हता?"

"मला माहीत नाही, साहेब. चेहरा पाहिला असं वाटतं, पण तो फोटोतला आहे."

मागून कुणीतरी हसलं.

बाहेर आले तर व्हरांड्यात ड्रायव्हरची बायको उभी होती. शेजारी तो, काळा चष्मा लावलेला. त्याने मला नमस्कार केला. माझ्या ओढणीची आठवण त्याने मागे एकदा काढली होती. बायकोने नमस्कार केला नाही.

"बाई, तो नाही त मंग कोन होता?"

"मला ठाऊक नाही."

"आधी काऊन बोट दाखोलं मंग? आमी चार वर्सं त्या बोटावर बसलो."

ड्रायव्हर म्हणाला, "जाऊ दे वं. मले तरी कुठं दिसला?" आणि ते दोघं जिना उतरून गेले. मी तिथल्याच बाकावर बसले. 

बाकीच्या दोघा साक्षीदारांनाही परेडच्या आधी मोबाइलवर तोच फोटो दाखवला होता, हे उलटतपासणीत बाहेर आलं. काही महिन्यांनी आरोपी निर्दोष सुटला. खरा कोण, ते कुणी शोधलं नाही. शाळेत एक-दोघी माझ्याशी जपून बोलायला लागल्या. मी कुणाला काही समजावलं नाही.

गेल्या हिवाळ्यात धाडच्या बाजारात तो चट्टेवाला भेटला. टरबुजाच्या बियाण्यांची पाकिटं मांडून बसला होता. मी पुढे निघून जाणार होते, पण त्यानेच हाक मारली.

"बाई, बसा."

मी उभीच राहिले. म्हणाले, "माझ्यामुळे तुम्हाला फार भोगावं लागलं."

"अकरा महिने होतो आत. माय गेली तवा माती द्यायले सोडलं, दोन पोलीस संग. नंतर जीप कोनी चालवाले देली नाही." आवाजात राग नव्हता. "तुम्ही एकल्या नव्हत्या बाई, तिघं होते. पन बाकीच्याइनं परेडीत दोनदा-दोनदा पाह्यलं. तुम्ही एकदाच पाह्यलं. तवा मले वाटलं, आता काही खरं नाही."

"तुम्ही त्या दिवशी होतात कुठे?" मी विचारून गेले. विचारायला नको होतं.

"घरी. माय अन् मी. आता सांगनारी तीच नाही."

गिऱ्हाईक आलं, तो त्याच्याकडे वळला. मी निघाले.

त्याच्या बोलण्यावर माझा विश्वास बसला. आजही आहे. पण ती दुपार आठवली की माझ्या दाराजवळून जाणारा माणूस अजून तोच असतो, तोच भांग, तोच चट्टा, थेट माझ्याकडे बघणारा. किती वेळा मी त्या चित्रातून त्याला काढून टाकायला बघितलं. तिथे दुसरा कुठलाच चेहरा येत नाही.