ऑफिसचा फोन

आमच्या शाळेत तिला सगळे बातमीबाई म्हणतात. तिचं खरं काम ऑफिसातलं: दाखले, हजेरीपट, फोन, आणि कोणाला ताप आला तर त्याला बाकावर आडवं करून घरी कळवणं. एका बाळंतपणाच्या रजेवर गेलेल्या टायपिस्टच्या जागी ती चार महिन्यांसाठी आली होती. ती टायपिस्ट परत आलीच नाही आणि बातमीबाई गेलीच नाही. पुढे कधीतरी शाळेचं बातमीपत्र काढायचं काम तिच्या गळ्यात पडलं. दर महिन्याला दोन पानं निघतात आणि घरोघर जातात. मी त्याच शाळेत चित्रकला शिकवतो आणि त्या पानांच्या कडेला वेलबुट्ट्या काढतो, म्हणून हे सगळं मला जवळून माहीत आहे.

तिची लिहायची पद्धत कोरडी. ‘जिन्याखाली एक डबा सापडला आहे. आतला पदार्थ टाकून द्यावा लागला. डबा धुऊन ठेवला आहे.’ मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, नेहमी म्हणायच्या, ‘‘अहो, जरा गोडवा आणा की.’’ त्यावर ती म्हणायची, ‘‘बाई, तो डबा तुम्ही उघडला नव्हतात.’’

यंदा शाळेनं ठरवलं की वर्गात मोबाइल चालणार नाही. दाराशी भिंतीवर कप्प्याकप्प्यांची कापडी पिशवी टांगायची, पहिल्या तासाला प्रत्येकानं आपला फोन बंद करून त्यात ठेवायचा आणि शाळा सुटताना घ्यायचा. घरून काही निरोप असेल तर ऑफिसात फोन करावा. ही बातमी बातमीबाईनंच छापली आणि स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला.

मुलांचं म्हणाल तर ती पहिले काही दिवस कुरकुरली, मग वाटा शोधायला लागली. दहावीच्या वर्गातल्या पिशवीत एकदा मी सहज हात घातला तर निम्मे फोन खेळण्यासारखे हलके लागले. घरातले जुने, मेलेले फोन आणून ठेवले होते आणि जिवंत फोन दप्तरात होते. ते आम्ही निस्तरलं. मुलांशी भांडायची आम्हाला सवय आहे.

आईवडिलांचं काय करायचं ते मात्र कोणाला सुचेना. पोरांचे फोन बंद झाल्याबरोबर सगळे ऑफिसच्या फोनवर तुटून पडले. डब्यात चमचा ठेवायचा राहिलाय. स्वेटर घालायला सांगा. टीव्हीचा रिमोट कुठे ठेवलाय ते विचारून सांगा, मी धरते. मांजर सापडलं, आता रडू नकोस म्हणावं. एक निरोप झाला की दुसरा तयार. वर्ग वरच्या मजल्यांवर, बातमीबाईचा गुडघा अधू. सुरुवातीला ती खरंच जिने चढून जायची, वर्गाच्या दारात उभी राहायची आणि सगळ्यांसमोर सांगायची, ‘‘तुझ्या आईनं विचारलंय, रिमोट कुठेय.’’ वर्ग हसायचा, पोरगं लाल व्हायचं, शिकवणाऱ्याचा धागा तुटायचा.

‘‘म्हणजे फोन वर्गात होते तेच बरं होतं,’’ गणिताच्या सरांनी तिला एकदा सुनावलं. ‘‘तेव्हा निदान फोन गुपचूप थरथरायचे.’’

त्या संध्याकाळी ती घरी गेली ती धुमसतच. घरी तिची थोरली बहीण असते, निवृत्त नर्स. दोघींनीही लग्न केलं नाही आणि दोघींनाही त्याबद्दल कोणी विचारायची हिंमत केली नाही. ताईनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘‘वॉर्डात असंच असायचं. पेशंट झोपलेला असतो आणि नातेवाईक घंटा वाजवतात.’’

‘‘मग तू काय करायचीस?’’

‘‘घंटेला उत्तर द्यायचे. कधी ती खरी असते ते आधी कळत नाही ना.’’

बातमीबाईला हे पटलं नाही. तिला त्यांची खोड मोडायची होती. पुढच्या अंकात तिनं एक चौकट टाकली: ‘या महिन्यात ऑफिसात आलेले तातडीचे निरोप’. खाली चमचा, स्वेटर, रिमोट, मांजर, सगळे ओळीनं. नाव एकाचंही नाही. त्या चौकटीभोवती मी मोठ्या हौसेनं वेल काढली होती, हेही सांगून टाकतो.

अंक घरोघर गेला आणि शाळेवर आभाळ कोसळलं. ज्यांचे निरोप छापले ते चिडले, ज्यांचे नाही छापले ते आपलाही छापला जाईल म्हणून आधीच चिडले. आणि ही सगळी मंडळी आपला राग सांगायला ऑफिसातच फोन करू लागली. सगळ्यांत पुढे वकीलबाई. सातवीतल्या एका मुलाची आई, बोलायला कडक, नेहमी घाईत. ती स्वतःच येऊन उभी राहिली.

‘‘माझा खासगी निरोप तुम्ही छापलात.’’

‘‘नाव कुठे आहे त्यात?’’

‘‘सगळ्यांना कळलं रिमोट कोणाचा ते.’’

‘‘तुमच्या मुलाच्या वर्गाला आधीच माहीत होतं. मी दारात उभी राहून विचारलं होतं, तुमच्याच सांगण्यावरून.’’

वकीलबाई तडक मोठ्या बाईंच्या खोलीत गेली. थोड्या वेळानं मोठ्या बाई ऑफिसात आल्या आणि म्हणाल्या, ‘‘पुढच्या अंकात दोन ओळी दिलगिरीच्या टाका. विषय मिटवू.’’

‘‘कशाबद्दल दिलगिरी?’’

‘‘तुम्हाला काय लिहायचं ते लिहा हो. पण लिहा.’’

त्या बाहेर पडल्या आणि फोन वाजला. कोणाचे तरी बाबा. अंक वाचला, फारच उद्धटपणा आहे, आणि हो, मुलाला सांगा की आज आजोळी जायचंय. बातमीबाईनं ऐकून घेतलं, रिसीव्हर ठेवायला हात खाली नेला आणि फोनवर ठेवायच्याऐवजी टेबलावर आडवा करून ठेवला. पाच मिनिटं डोकं शांत करावं, एवढंच मनात होतं. तेवढ्यात छपाईच्या यंत्रात कागद अडकला म्हणून तिला आतल्या खोलीतून हाक आली. ती उठून गेली. कागद ओढून काढता काढता शाईचा डबा सांडला, मग ती फरशी पुसत बसली. रिसीव्हर टेबलावर तसाच पडून राहिला.

दुपारच्या तासांना बेकरीवाला शाळेत धावत आला. आमच्या कोपऱ्यावरच्या बेकरीचा मालक, त्याची मुलगी नववीत आहे. कोपरापर्यंत हाताला पीठ लागलेलं, धाप लागलेली. मी तेव्हा ऑफिसात रंगीत कागद मागायला गेलो होतो.

‘‘तुमचा फोन बिघडलाय का?’’ त्यानं विचारलं. ‘‘केव्हापासून लावतोय. एंगेजच.’’

बातमीबाईनं टेबलाकडे पाहिलं. मीही पाहिलं. हो म्हणून मोकळी झाली असती तर त्याला काही कळलं नसतं. पण ती म्हणाली, ‘‘नाही. मीच काढून ठेवला होता.’’

तो म्हणाला, ‘‘मुलीला बोलवा आधी. आजोबांना मोठ्या हॉस्पिटलात हलवताहेत. तिला भेटल्याशिवाय निघत नव्हते.’’

बातमीबाई शिपायाला हाक न मारता स्वतः जिना चढत गेली. मी मागून निघालो, पण तिला गाठू शकलो नाही. वर्गाच्या दारात ती काही मोठ्यानं बोलली नाही. आत गेली, मुलीच्या बाकापाशी वाकली, तिचं दप्तर स्वतः भरलं आणि तिला हाताला धरून खाली आणलं. बापलेक गेटबाहेर पळत गेले. त्या मुलीला आई नाही. तिला लहानपणापासून आजोबांनीच वाढवलेलं, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

ते घरी पोचेपर्यंत अँब्युलन्स निघून गेली होती. दुसऱ्या गावचं हॉस्पिटल गाठेपर्यंत आजोबांना ऑपरेशनसाठी आत नेलं होतं. ती मुलगी शाळेच्या गणवेशातच बाहेरच्या खुर्चीवर बसून राहिली. आजोबा वाचले. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला ओळखलं आणि पाणी मागितलं. पण मधले ते सगळे तास तिनं त्यांना न भेटता काढले, आणि ते काही कोणी परत देऊ शकत नव्हतं.

त्या आठवड्यात बातमीबाई कोणाशी नीट बोलली नाही. फोन मात्र पहिल्या घंटेला उचलायची, मग तो चमच्यासाठी का असेना. तिच्या तोंडून ‘‘हं, सांगते’’ यापलीकडे काही ऐकू यायचं नाही. ताईनंही घरी तिला काही सुनावलं नाही. ‘‘तेच जास्त लागलं,’’ असं बातमीबाई मला नंतर म्हणाली.

झाली गोष्ट फुटायला वेळ लागला नाही, आणि पालकसभा बोलवावी लागली. सभागृह गच्च भरलं. वकीलबाई उठून म्हणाली की आता तरी मुलांचे फोन त्यांच्याजवळ राहू द्या, शाळेवर विसंबून काय होतं ते दिसलंच आहे. बऱ्याच माना डोलल्या. मोठ्या बाई फोनच्या तांत्रिक बिघाडाबद्दल काही बोलणार, तेवढ्यात मागून बातमीबाई उभी राहिली.

‘‘बिघाड नव्हता,’’ ती म्हणाली. ‘‘रिसीव्हर मी काढून ठेवला. मला वैताग आला होता. ते चुकलंच, आणि त्या मुलीच्या घरी जाऊन मी ते सांगून आले आहे.’’ ‘‘आता वैताग का आला होता ते तुम्हीच येऊन बघा. रोज सकाळी एका पालकानं ऑफिसात बसायचं आणि फोन घ्यायचे. निरोपही त्यांनीच वर न्यायचे. महिनाभर करून बघू. त्यानंतर फोन मुलांकडे द्यायचे असं तुम्हाला वाटलं तर द्या.’’

मोठ्या बाईंनी कपाळाला हात लावला. बेकरीवाला मागच्या रांगेत भिंतीला टेकून उभा होता. त्याच्याकडे सगळे वळून बघायला लागले, तेव्हा त्याला बोलावंच लागलं. ‘‘मला राग नाही असं काही म्हणणार नाही,’’ तो म्हणाला. ‘‘आहे. पण माझी मुलगी म्हणते, वर्गात रोज कोणाचा ना कोणाचा चमचा येतो. रोज. मग माझा फोन खरा आहे हे ह्यांना कळणार कसं? बाई म्हणतात ते करा.’’

‘‘त्यात काय अवघड आहे,’’ वकीलबाई म्हणाली. ‘‘पहिली मी येते.’’

आली, आणि वेळेवर आली. बातमीबाईनं तिला खुर्ची दिली आणि आपण बाजूच्या टेबलावर दाखले लिहीत बसली. मी काही ना काही निमित्त काढून तिथं घुटमळत होतो, कारण बघितल्याशिवाय राहवेना. पहिल्या काही फोनांना वकीलबाई गोड बोलली. निरोप घेतले, वर जाऊन आली. मग पुन्हा वर जाऊन आली. तिच्या चपलांचा आवाज जिन्यात जड जड व्हायला लागला.

‘‘पाण्याची बाटली विसरला असेल तर शाळेत नळ आहेत हो,’’ ती एकाला म्हणाली. दुसरीला म्हणाली, ‘‘भाजी कोणती करू हे त्याला आत्ता विचारायचं? त्याची परीक्षा चालू आहे.’’ पलीकडून काहीतरी बोलणं आलं असावं, कारण ती ताडकन उठून उभी राहिली. ‘‘मी शाळेची नोकर नाही, मी पण आईच आहे. नाही, नाही सांगणार. संध्याकाळी घरी आला की विचारा.’’

फोन ठेवून तिनं बातमीबाईकडे पाहिलं. ‘‘हे रोज असंच असतं?’’

‘‘सोमवारी जास्त,’’ बातमीबाई दाखल्यावरून मान न उचलता म्हणाली.

वकीलबाईनं दुसऱ्या दिवशी नियमांचा मसुदा करून आणला. दीड पान होता, त्यात पोटकलमं होती. बातमीबाईनं तो वाचला, पेन घेतलं आणि खाली एका ओळीत लिहिलं: ‘शाळा सुटेपर्यंत थांबता येत असेल तर थांबा.’ वकीलबाई जरा दुखावली, पण पोटकलमांचा हट्ट तिनं धरला नाही. महिनाभरात एकामागून एक पालक येऊन बसले, घामाघूम होऊन गेले, आणि घरी जाऊन आपापल्या ओळखीच्यांना त्यांनीच दम दिला. फोन बंद झाले नाहीत, पण इतके कमी झाले की वाजला की आम्ही सगळे मान वर करून बघायला लागलो. मुलांचे फोन पिशवीतच राहिले.

तो महिना चालू असतानाच पुढचा अंक छापायला जायची वेळ आली, तेव्हा मोठ्या बाईंनी दिलगिरीची आठवण करून दिली. बातमीबाईनं ती लिहून ठेवलीच होती. रिमोटबद्दल किंवा चमच्याबद्दल त्यात अक्षरही नव्हतं. ‘गेल्या महिन्यात एका दुपारी ऑफिसचा फोन लागत नव्हता. तो बिघडलेला नव्हता, काढून ठेवलेला होता. त्यामुळे आपल्या शाळेतल्या एका मुलीला घरच्यांना वेळेवर भेटता आलं नाही. याबद्दल तिची आणि तिच्या घरच्यांची माफी मागते.’ खाली तिनं आपलं पूर्ण नाव घातलं, जे कित्येक पालकांनी त्या दिवशी पहिल्यांदाच वाचलं.

मोठ्या बाईंनी ते वाचलं. मग म्हणाल्या, ‘‘ह्याला वेलबुट्टी नको.’’

मी काढली नाही. तो मजकूर साधाच छापला. त्याच्याखाली पाण्याची टाकी केव्हा धुणार ती बातमी होती, आणि हरवलेल्या तीन छत्र्यांची.