बैरंग आलंय

आमच्या घरात एक रीत होती. बारसं, साखरपुडा, पाऊसपाणी अशा बातम्यांना पोस्टकार्ड. मरणाची बातमी मात्र बिनतिकिटाच्या पाकिटातून, म्हणजे बैरंग पाठवायची. वडील म्हणायचे, तिकीट लावलेलं पत्र गहाळ होईल, पण बैरंग नाही. दुप्पट पैसे वसूल करायचे असतात ना, पोस्ट बरोबर घर शोधत येतं. लहानपणी कार्ड पंधरा पैशांना होतं, मग पंचवीसला, मग पन्नासला. पाकीट तर बघता बघता पाच रुपयांवर गेलं. दर वाढले की वडील म्हणत, "घ्या, मरणही महागलं." सगळे हसायचे. मी नाही हसायची. दारात पोस्टमन सुटे पैसे मागायला लागला की मी आतल्या खोलीत पळायची.

गेल्या दिवाळीनंतर नाशिकच्या फ्लॅटची बेल वाजली. पोस्टमन म्हणाला, "ताई, बैरंग आहे. दहा रुपये द्या."

वडिलांच्या पिढीतलं आता एकच माणूस उरलं होतं, घोटीची आत्या, आणि तिचा फोन दोन दिवस बंद लागत होता. पाकिटावरचं अक्षरही तिचं नव्हतं. मी पन्नासची नोट दिली आणि उरलेले पैसे न घेताच दार लावलं. पाकीट फोडायचा धीर होईना. ओट्यावर ठेवलं, पुन्हा उचललं. शेवटी फोडलं आणि आधी कागदाच्या माथ्याकडे पाहिलं. दुःखाच्या पत्रावर श्री लिहीत नाहीत. इथे श्री होतं. मी तिथेच फरशीवर बसून रडले. खाली शेजारच्या मुलीच्या अक्षरात एवढंच होतं: फोन पाण्यात पडला, नवा तांदूळ निघालाय, येऊन घेऊन जा.

तरी भीती जाईना. तशीच एसटीने घोटी गाठली. आत्या ओसरीवर तांदूळ निवडत होती. चांगली होती, पण किती वाळली होती! मनगटातली बांगडी कोपरापर्यंत सरकत होती.

मी भडकलेच. "आत्या, पाच रुपयांचं तिकीट लावता येत नव्हतं? जीव गेला असता माझा!"

"लावलं असतं तर आली असतीस व्हय?" ती सुपातून मान वर न करता म्हणाली. "बघू, पुढच्या महिन्यात, आसंच म्हणली असतीस ना?"

मी तिच्याशेजारी बसले आणि सूप माझ्याकडे ओढलं.

"भिऊ नको गं," ती माझ्या पाठीवर हात ठेवून हसत म्हणाली, "पुढचं बैरंग काय मी नाय पाठवायची."

मी मान खाली घालून खडे शोधत राहिले. मला एकही दिसत नव्हता.