टॉवेलाची जागा

उन्हात तापलेल्या रेक्झिनचा वास आला की मला घनसावंगीचा जीपअड्डा आठवतो. बियाण्यांच्या कंपनीसाठी मी तेव्हा दुकानं पालथी घालत फिरायची. त्या दुपारी जालन्याला परतायचं होतं, पाय सुजले होते, आणि भरत आलेल्या जीपमध्ये पुढच्या सीटवर माणूस नव्हता, नुसता एक पांढरा टॉवेल होता. मी टॉवेलाची घडी घातली, काचेपाशी ठेवली आणि बसले. ड्रायव्हर धावत आला. "म्याडम, मागं बसा. आमच्या पुढाऱ्यांनी जागा धरलीय." मी म्हटलं, "पुढारी कुठं आहेत? टॉवेल तेवढा दिसतोय." "च्या पिऊन राह्यलेत. येतील जल्दी." मागून एक म्हातारी खेकसली, "मंग टॉवेलाला मागं बशीव की! आम्ही कवापासून उकडून राह्यलो." सगळी जीप हसली. कडक इस्त्रीतले पुढारी आले, दारापाशीच उभे राहिले. ड्रायव्हरही किल्ली फिरवेना. "मी उतरणार नाही," म्हणत मी टॉवेल त्यांच्या हातात दिला. "मागं अंथरायला होईल." शेवटी म्हातारीच सरकली, "या भाऊ, इथं जागा हाय." ते मागं चढले, तेव्हा कुठं इंजिन सुरू झालं. आता मला कंपनीची गाडी आहे. साहेब लोकांसारखं मागं बसावं म्हणून ड्रायव्हर रोज मागचं दार उघडून उभा राहतो. मी रोज पुढचं उघडते.