मिलोच्या पोळ्या
तिळाचं तेल तापल्याचा वास आला की बेलापूरची आमची चूल आठवते. दुष्काळात मिशनचा साहेब, जो आधी चीनमध्ये राहून आला होता, कायमचा मायदेशी गेला आणि जाताना आपल्या स्वयंपाक्याला, म्हणजे माझ्या वडिलांना, एक बदक देऊन गेला. संध्याकाळी वडील म्हणाले, "आज तुमाला बंगल्यातलं चिनी जेवण." बदक झकास भाजलं, पण ते गुंडाळायच्या पोळ्यांना घरात रेशनच्या मिलोचं, म्हणजे अमेरिकेहून आलेल्या लाल ज्वारीचंच, पीठ होतं. दोन गोळ्यांमध्ये तिळाचं तेल लावून ते एकत्र लाटायचे, म्हणजे भाजल्यावर दोन पातळ पोळ्या सुटतात; पण प्रत्येक पोळी लाटण्याखालीच फाटायची. शेवटी आई हळूच म्हणाली, "अवो, ह्याची भाकरीच हुती. थापू का?" वडिलांनी लाटणं खाली ठेवलं. "थाप." दुसऱ्या दिवशी ते दुष्काळी कामावर खडी फोडायला गेले. आज मैद्याची पोळी माझ्या हातात अलगद सुटते. त्यांच्या हातात मात्र पुन्हा लाटणं आलं नाही.