डोंगरातला तांबेरा

गव्हाच्या संशोधन केंद्रात तिला सगळे तांबेरामावशी म्हणत. बाकीचे पिकावरचा रोग घालवायचा पगार घेत, मावशी तो लावायचा घेई. गावोगावहून पाकिटांतून तांबेरा पडलेली पानं येत. त्यांवरची विटकरी भुकटी ती कोवळ्या रोपांवर झटकायची, रोपं ओल्या पेटीत झाकायची आणि पंधरवड्याने कोणाला किती पुळ्या आल्या ते मांडायची. मला ताप आला तर हिचं लक्ष नसतं, रोपाला पुळी आली की ही हरखते, अशी नवऱ्याची तक्रार होती.

केंद्राच्या साहेबांनी बारा वर्षं खपून गव्हाचं एक वाण काढलं होतं. त्याला तांबेरा शिवत नाही, असं ते चहा पितानाही सांगत. एका हंगामात मावशीने किनाऱ्याकडची भुकटी त्यावर लावली, तर नुसते फिके ठिपके उठले. डोंगराकडची लावली, तर वाण नखशिखांत पुळ्यांनी फुललं.

पाकिटं उलटसुलट झाली असतील, साहेब म्हणाले. तांबेऱ्याची बुरशी एकच, मग इथे एक आणि तिथे दुसरं कसं?

"पाकिटं मीच लावली, चष्मा लावून," मावशी म्हणाली. "आणि आडनाव एक असलं म्हणून सगळे भाऊ सारखे नसतात, साहेब. माझे दीरच बघा."

साहेबांना तिच्या दिरांत रस नव्हता. मग तिने टायपिस्टबाईंना हाताशी धरलं. बाईंनी त्या वाणाच्या कुंड्यांवर नुसते आकडे टाकले, कुठल्या आकड्याला कुठली भुकटी ती यादी आपल्या कपाटात ठेवली, आणि पंधरवड्याने पुळ्या मोजायला खुद्द साहेबांनाच बोलावलं. त्यांनी मान मोडेपर्यंत मोजलं. यादी उघडली तेव्हा आजारी कुंड्या एकूण एक डोंगराच्या निघाल्या. साहेबांनी यादी दोनदा वाचली आणि निघून गेले.

वाण डोंगर सोडून बाकी सगळीकडे दिलं गेलं. अहवालात साहेबांचं नाव वर, मावशीचं तळाशी आभारात, तेही चुकीचं. महिनाभर साहेब तिच्याशी चिठ्ठीतूनच बोलले.

मग एक दिवस स्वतःच काचघरात आले, उलट्या बादलीवर बसले.

"डोंगराच्या तांबेऱ्यापुढे काही टिकलं का हो?"

मावशीने कोपऱ्यातलं एक बुटकं, केसाळ वाण दाखवलं. ते फेकून द्या, असं साहेबांनी दोनदा लेखी कळवलं होतं.

"फेकलं नाहीत?"

"अक्षर लागलं नाही तुमचं," मावशी म्हणाली.