मागच्या बाजूचा आवाज

बबननाना माइकवर कधी ‘हॅलो, चेक’ म्हणायचे नाहीत. ते एसटीचे थांबे म्हणायचे. “मंचर... घोडेगाव... डिंभे... तळेघर.” मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाले, “हॅलो म्हणलं की मानूस नाटकी बोलतो, बाई. गावाचं नाव घेताना आवाज खरा निघतो.”

नाना अवसरी बुद्रुकचे. लग्न असो, जत्रा असो, साउंड त्यांचाच. मी शिक्षिका. कार्यक्रमाची यादी करायची आणि काम झालं की त्यासमोर खूण करायची, ही माझी सवय. तळेघरच्या शाळेत भातलावणीची गाणी रेकॉर्ड करायची ठरली. बायका गोल बसून गाणार, म्हणून चार बाजूंचा आवाज वेगवेगळा टिपणारा माइक आणला. आदल्या दिवशी त्याच्या चारही वायरी मीच आवरल्या. कोपराला घट्ट वेटोळी घालून वर रबर लावले आणि यादीत खूण केली.

कार्यक्रमाला पाऊण तास उरला असताना मागच्या बाजूने नुसती खरखर यायला लागली. नानांनी वायरींची अदलाबदल केली, तर खरखर वायरीबरोबर दुसऱ्या बाजूला गेली. “माइक धड हाय. वायर मेलीय,” म्हणाले आणि हेडफोन लावून ती वायर इंच इंच वाकवत बसले. मुख्य गाणाऱ्या ठकूबाईंना दम्याचा त्रास. त्यांना पुन्हा वाडीवरून खाली आणणं जमणारं नव्हतं. मी दोनदा घड्याळ पाहिलं आणि सगळ्यांदेखत बोलले, “नाना, तुम्हाला आता ऐकू येत नाही. जमत नव्हतं तर आधी सांगायचं.”

“धा मिनटं द्या, बाई,” एवढंच म्हणाले.

तुटलेली जागा सापडली. तेवढा तुकडा कापून त्यांनी टोकं जोडून सोल्डरचा डाग दिला. काय झालं होतं विचारलं, तर म्हणाले, “उंदरानं कुरतडली असंल.”

रेकॉर्डिंग सुरेख झालं. पुढच्या यादीत मात्र साउंडसमोर मी मंचरच्या दुसऱ्या माणसाचं नाव लिहिलं. नानांनी कधी का म्हणून विचारलं नाही. बाजारात भेटले की म्हणायचे, “काय बाई, यादी बरी हाय ना?”

गेल्या वर्षी नाना गेले. दहाव्याला नानांच्या पत्नी, काकू, मला म्हणाल्या, “ह्यांनी समद्यांचा आवाज भरला. ह्यांचा कुठं हाय का, बघा जरा.”

घरी येऊन तळेघरचं मूळ रेकॉर्डिंग उघडलं. गाणी सुरू होण्याआधीचा भाग मी कधीच ऐकला नव्हता. मागच्या बाजूच्या आवाजात नाना होते. “मंचर... घोडेगाव... डिंभे...” मग शेजारच्या ठकूबाईंना हळूच, “उंदीर कशाचा. बाईंनी आवळून गुंडाळली, आतली तार तुटली. सांगू नगं त्यांना. लई जीव लावून करत्यात.”

तेवढं कापून टाकणं एका क्लिकचं काम होतं. मी ते वाक्य निवडलंही होतं. 

शेवटी न कापता मोबाइलवर घेऊन काकूंकडे गेले. काकूंनी दोनदा ऐकलं. मी म्हणाले, “काकू, त्या दिवशी मी त्यांना चारचौघांत बोलले होते.”

 काकू मोबाइल पदराने पुसून माझ्या हातात देताना म्हणाल्या, “घरी मला बी उंदीरच सांगितला व्हता.”