खालच्या मजल्यावरचा डाग

सौसरला आम्ही ज्या घरात भाड्यानं राहत होतो, तिथं बोअरचं पाणी होतं, जड आणि खारट. शॉवरच्या भोकांवर पांढरा थर चढायचा आणि पाणी अंगावर पडण्याऐवजी भिंतीवर जायचं. लोखंडी पाइप भिंतीतून बाहेर येतो तिथून खाली, पांढऱ्या टाइल्सवर, गंजाचा तांबूस ओघळ उतरला होता. आम्ही राहायला आलो तेव्हाही तो होता.

घरमालकीण वरच्या मजल्यावर राहायची. एका रविवारी ती सहज म्हणून खाली आली आणि थेट बाथरूममध्ये शिरली.

"घासून नाही राहिल्या काय वो बाई?" ती आईला म्हणाली. मग ओघळाकडे बोट दाखवून, "तुमच्या लोकायत चालत असन हे. आमच्यात नाही चालत."

आम्ही बौद्ध आहोत. घर देताना तिनं आडनाव दोनदा विचारलं होतं. आई सरकारी शाळेत शिकवते. त्या दिवशी ती 'घासते' एवढंच म्हणाली. ते मला आजही सहन होत नाही.

दुपारी आईनं ओघळावर ब्लीचिंग पावडर लावली. आमच्याकडे विहिरीपासून मोरीपर्यंत सगळीकडे तीच टाकतात. गंजावर मात्र ती उलटी पडते. ओघळ जास्तच गडद झाला. आई तरीही घासत राहिली. बोटांची सालं निघाली.

तिच्या शाळेतल्या एक बाई रामाकोन्याच्या, घरची संत्र्याची बाग. त्यांनी झाडाखाली गळालेली कच्ची, आंबट संत्री पाठवली. ती बाजारात कोणी घेत नाही. आईनं रस काढून पिशवीत भरला आणि पिशवी शॉवरला बांधून ठेवली. सकाळी थर ब्रशनं निघाला. ओघळावर तिनं मीठ आणि रस चोळला. तो फिका झाला, पण पाइप तोच, पाणी तेच. काही दिवसांत पुन्हा उतरला.

घरमालकीण परत आली. शॉवर पाहून खूश झाली.

"आमचाही करून द्या ना बाई. तुमाले सवय आहे."

आई संत्र्यांची पिशवी घेऊन निघाली तेव्हा मला तिचाही राग आला. मी मागोमाग गेले.

वरच्या बाथरूममध्ये तसाच पाइप होता. त्याखाली तसाच ओघळ, आमच्यापेक्षा रुंद, थेट जमिनीपर्यंत.

"काकू, हा डाग कोणाचा?" आईनं विचारलं.

"हा? हा तर पाण्याचा आहे वो."

आईनं पिशवी दारातच ठेवली.

"मंग पाण्यालेच सांगा घासाले."

आम्ही खाली आलो. ते घर सोडेपर्यंत आईनं शॉवर साफ ठेवला. ओघळाला तिनं पुन्हा हात लावला नाही.